हरभऱ्यातला डिफेन्सिन जीन कसा शोधायचा, कसा मोजायचा आणि मी कुठे कुठे आपटलो

आमच्या चोपडा तालुक्यात जीन म्हटलं की लोकांना जिनिंगच आठवतं, कापसाच्या ट्रॅक्टरची लाइन, सरकीचा वास, काट्यावरची भांडणं. एमएस्सीला असताना मी आबांना सांगितलं की मी हरभऱ्याच्या जीनवर, म्हणजे जनुकावर, प्रोजेक्ट करतोय, तर ते म्हणे हरभरा कशाला जीनमध्ये न्यायचा. मग ओट्यावर बसून अर्धा तास समजावलं, रोपाच्या पेशीत काय असतं, बुरशी आली की रोप काय करतं, सगळं शांतपणे ऐकून घेतलं त्यांनी आणि शेवटी एकच प्रश्न टाकला, मंग याना उपेग काय शे?

उपयोगाचं खाली येईलच. आधी हे ज्यांना प्रोजेक्ट करायचाय त्यांच्यासाठी. जळगाव धुळे नंदुरबारकडच्या कॉलेजात बायोटेक नाहीतर बॉटनी करणारी पोरं-पोरी दर वर्षी सेम गोष्ट विचारतात, डिफेन्सिनवर काम करायचंय पण सुरुवात कुठून करू, आणि दर वर्षी त्याच त्या चुका होतात, माझ्याही झाल्या. म्हणून सगळं एकदाच लिहून टाकतो, थोडं लांबेल.

डिफेन्सिन म्हणजे बुरशीसारख्या शत्रूंना रोखायला रोपं स्वतः बनवतात ते छोटे प्रोटीन. छोटे म्हणजे खरंच छोटे, तयार झालेला तुकडा साधारण ४५ ते ५४ अमिनो ॲसिडचा. १९९० मध्ये गहू आणि बार्लीच्या दाण्यात पहिल्यांदा सापडले तेव्हा त्यांना गॅमा थायोनिन म्हणायचे, मग लक्षात आलं की यांची घडण थायोनिनसारखी नाहीच, किडे आणि माणसाकडच्या डिफेन्सिनशी जास्त जुळते, म्हणून १९९५ मध्ये प्लांट डिफेन्सिन हे नाव आलं. जुनं नाव डेटाबेसमध्ये अजून भटकतंय, गॅमा थायोनिन दिसलं की घाबरू नका, तेच आहे. आकार असा की एक आल्फा हेलिक्स म्हणजे स्प्रिंगसारखी गुंडाळी, तीन बीटा पट्ट्या, आणि हे सगळं सिस्टीन नावाच्या अमिनो ॲसिडच्या चार जोड्यांनी शिवून टाकलेलं. बाजेला चार ठिकाणी गाठी माराव्यात तसं, त्यामुळे उकळलं तरी यांचा आकार सहजासहजी मोडत नाही.

आता कॉम्प्युटर बंद करा आणि वही-पेन्सिल घ्या. हो, खरंच. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि नंतर पस्तावतात. मुळ्याच्या बियांमधला एक डिफेन्सिन आहे, आरएस-एएफपी-२, ५१ अमिनो ॲसिडचा, युनिप्रॉट या प्रोटीनच्या डेटाबेसवर सहज मिळतो. तिथे सुरुवातीला प्रोटीनला पेशीबाहेर पाठवणारा सिग्नलचा तुकडा पण जोडलेला दिसेल, तो सोडून तयार तुकडा घ्यायचा. तो वहीत उतरवून घ्या, एका अमिनो ॲसिडला एक इंग्रजी अक्षर, सुरुवात अशी होते, क्यू के एल सी क्यू आर पी एस जी टी डब्ल्यू एस जी व्ही सी, आणि प्रत्येक सी भोवती गोल करत जा. सी म्हणजे सिस्टीन. गोल पडतील ४, १५, २१, २५, ३६, ४५, ४७ आणि ५१ या नंबरांवर. एकूण आठ. आता दोन गोलांच्या मधली अक्षरं मोजा, १०, ५, ३, १०, ८, १, ३. मग रेघा ओढा, पहिला सी शेवटच्या म्हणजे आठव्या सी ला, दुसरा पाचव्याला, तिसरा सहाव्याला, चौथा सातव्याला. झाल्या चार गाठी. हा नकाशा हाताने एकदा काढला की नंतर स्क्रीनवर कुठलाही सिक्वेन्स आला तरी डोळा आपोआप सी शोधायला लागतो. माझ्या वहीत तो कागद अजून आहे, त्यावर चहाचा डाग पण आहे.

त्याच वहीत अजून एक गंमत करून बघा. प्लस चार्जवाले के आणि आर मोजा, मायनसवाले डी आणि ई मोजा, वजाबाकी करा. आरएस-एएफपी-२ मध्ये सात प्लस, एक मायनस, म्हणजे निव्वळ प्लस सहा. त्याचाच भाऊ आरएस-एएफपी-१, दोघांत फक्त दोन अक्षरांचा फरक, पाचव्या जागी क्यू ऐवजी ई आणि सत्ताविसाव्या जागी आर ऐवजी एन. याचा हिशोब येतो प्लस चार. आणि बुरशीवर जास्त जोरदार चालतो तो प्लस सहावाला, त्यातही पाण्यात क्षार असले तर एक नंबरवाला लवकर ढेपाळतो. ५१ पैकी दोन अक्षरं, बस. बुरशीच्या पडद्यावर बाहेरून मायनस चार्ज असतो, डिफेन्सिन तिकडे ओढला जातो, आणि पडद्यातल्या ठराविक चरबीला पकडतो, या आरएस-एएफपी-२ च्या बाबतीत ती चरबी ग्लुकोसिलसेरामाइड. तंबाखूच्या एका जंगली भावाच्या फुलातला एनएडी-१ आहे तो दुसऱ्याच चरबीला धरतो. म्हणजे सगळे डिफेन्सिन एकाच पद्धतीने मारतात असं रिपोर्टमध्ये लिहू नका, एक्स्टर्नल तिथेच पकडतो.

आता हरभरा. मी हरभरा निवडला कारण आमच्याकडे कापूस निघाला की तोच पेरतात, मर रोगाने दर वर्षी कुठे ना कुठे वाफेच्या वाफे वाळतात, आणि सगळ्यात मोठं म्हणजे त्याचा जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, २०१३ पासून फुकट बघायला मिळतो. हरभऱ्याच्याच एका डिफेन्सिन जीनवर आपल्या देशात कामही झालंय, तो अरॅबिडॉप्सिसमध्ये, म्हणजे लॅबमध्ये सगळे वापरतात त्या मोहरीवर्गातल्या छोट्या रोपात, जास्त चालवला तर ती रोपं पाण्याच्या ताणात जास्त टिकली असं २०१९ मध्ये छापून आलं. म्हणजे बुरशी आणि पाणी दोन्हीकडून विचारायला जागा आहे.

एनसीबीआय या साइटच्या ब्लास्टवर जा, तिथे आपल्या सिक्वेन्ससारखे दुसरे सिक्वेन्स शोधता येतात. सगळे जण प्रोटीन टाकून प्रोटीनच्या यादीत शोधतात, ते करा, पण तिथे थांबू नका, टीब्लास्टएन पण चालवा, म्हणजे तुमचं प्रोटीन सरळ जीनोमच्या डीएनएवर सहाही फ्रेममध्ये तपासलं जातं. कारण काय, तर जीन ओळखणारे प्रोग्राम छोट्या जीन्सना बऱ्याचदा सोडून देतात. अरॅबिडॉप्सिससारख्या पिंजून काढलेल्या रोपात सुद्धा २००५ मध्ये नीट शोधलं तेव्हा डिफेन्सिनसारखे ३०० च्या वर जीन निघाले आणि त्यातले पुष्कळ आधीच्या यादीत नव्हतेच. ऑर्गॅनिझममध्ये हरभऱ्याचं शास्त्रीय नाव सायसर ॲरिएटिनम टाका, कमी गुंतागुंतीचा भाग गाळायचा फिल्टर बंद करा, आणि ई-व्हॅल्यू (असं जुळणं निव्वळ योगायोगाने किती वेळा होईल तो आकडा, जितका लहान तितका चांगला) सुरुवातीला ढिली ठेवा. एवढ्याशा प्रोटीनला फार चांगली ई-व्हॅल्यू येतच नाही, मोठ्या प्रोटीनची सवय असलेले लोक इथे चांगले उमेदवार फेकून देतात. आणि मुळा हा मोहरीच्या घरातला, हरभरा शेंगवाल्यांच्या, म्हणून फक्त मुळ्याचा टाकून भागणार नाही, मुगाचा किंवा लसूणघासाचा एखादा डिफेन्सिन पण टाकून बघा.

समोर यादी येईल आणि त्यात नावं असतील डिफेन्सिन-लाइक प्रोटीन अमुक, तमुक. माझा या नावांवर काडीचा विश्वास नाही. नाव मशीनने लावलेलं असतं, शेजाऱ्यासारखं दिसतं म्हणून शेजाऱ्याचं आडनाव. मोहरीवर्गात परागकण आपलाच आहे की परका हे ओळखायचं काम करणारं प्रोटीन पण डिफेन्सिनसारख्याच घडणीचं असतं, टोरेनिया नावाच्या फुलझाडात परागनळीला वाट दाखवणारे पण तसेच, त्यांचा बुरशीशी काही संबंध नाही. तर यादीतल्या प्रत्येकाला वहीवाली परीक्षा द्यायला लावायची. सी किती, आठ आहेत का, अंतरं जवळपास तशीच आहेत का, शेवटाकडे सी-काहीतरी-सी असा एका अक्षराचा गॅप आहे का. दोन सी एकमेकांना चिकटून दिसले आणि लांबी नव्वदच्या आसपास निघाली तर तो बहुतेक लिपिड ट्रान्सफर प्रोटीन, त्याच्यातही आठ सी असतात, माझा एक क्लासमेट दोन महिने त्यालाच डिफेन्सिन समजून बसला होता. दहा सी निघाले तर लगेच रद्द करू नका, पिटुनियाच्या फुलातल्या डिफेन्सिनला पाचवी गाठ असते.

मग सिग्नलपी मध्ये टाका, सुरुवातीचा पेशीबाहेर पाठवणारा तुकडा कुठे कापला जातो ते कळतं, साधारण वीस ते तीस अक्षरांचा. तो कापल्यावर जे उरतं तेच खरं डिफेन्सिन, चार्ज त्याचाच काढायचा, पूर्ण सिक्वेन्सचा नाही. ही चूक इतकी कॉमन आहे की मी छापील थिसिसमध्ये पण बघितली. प्रोटीनची कुटुंबं ओळखणाऱ्या इंटरप्रोमध्ये पण एकदा टाकून घ्या, तिथे पीफॅमचं पीएफ००३०४ कुटुंब लागलं म्हणजे मशीनची पण साक्ष झाली. क्लस्टल ओमेगावर सगळ्यांचं अलाइनमेंट करून, म्हणजे सिक्वेन्स एकाखाली एक जुळवून, प्रिंट काढा आणि सी च्या रांगा पिवळ्या हायलायटरने रंगवा, गाइडला हे चित्र फार आवडतं.

प्रमोटर म्हणजे जीनच्या आधीचा, त्याला चालू-बंद करणारा भाग, त्याचं थोडक्यात सांगतो कारण इथे लोक उगाच वाहवत जातात. जीनच्या वरच्या १५०० बेस घ्यायच्या, प्लांटकेअर या साइटमध्ये टाकायच्या आणि ते यादी देतं की जॅस्मोनेटला (जखम-रोगाच्या वेळचं रोपाचं हार्मोन) प्रतिसाद देणारा तुकडा इतक्या जागी, ॲबसिसिक ॲसिडवाला (पाण्याच्या ताणाचं हार्मोन) इतक्या जागी. मग रिपोर्टमध्ये रंगीत पट्ट्या आणि निष्कर्ष, हा जीन ताणाला प्रतिसाद देतो. अरे भो, पाच अक्षरांचा तुकडा निव्वळ योगायोगाने दर १०२४ अक्षरांमागे एकदा येतोच, चारचा पाचवा घात, करून बघा. १५०० बेस, दोन धागे, म्हणजे काही न करता तीनेक ठिकाणी तो सापडणारच. वर सीजीटीसीए आणि टीजीएसीजी हे दोन वेगळे म्हणून मोजतात, ते एकाच तुकड्याची दोन तोंडं आहेत, समोरच्या धाग्यावरून वाचलं की हा तो होतो. यादी काढा, पण तिच्यावरून फक्त एवढंच ठरवा की कुठला ताण देऊन बघायचा. जीन असणं वेगळं आणि वेळेला जीन बोलणं वेगळं, बोलतोय का ते कुंडीतच कळतं.

तर कुंड्या. नोव्हेंबरात लावा. वाण दोन घ्या, एक राहुरीचा विजय किंवा दिग्विजय, आणि जमलं तर जेजी-६२, हा डबल घाट्याचा आणि मर रोगाला पटकन बळी पडणारा, तुलनेला बरा. निव्वळ काळी माती कुंडीत भरू नका, वाळली की भेगा पडून मुळं तुटतात आणि तुम्ही मोजताय पाण्याचा ताण का मुळं तुटल्याचा ताण हेच कळत नाही. वाळू मिसळा, सगळ्या कुंड्यांत एकाच प्रमाणात.

पाण्याचा ताण द्यायचा म्हणजे पाणी बंद करून बसायचं नाही. वजनावर द्यायचा. सगळ्या कुंड्या सारख्या वजनाच्या मातीने भरा, त्याच मातीतली थोडी ओव्हनमध्ये १०५ डिग्रीला २४ तास वाळवून तिच्यात मुळात पाणी किती होतं ते काढा, त्यावरून कुंडी अधिक कोरडी माती किती भरते ते कळतं. मग भरपूर पाणी घालून, वरून झाकून, रात्रभर निथळू द्यायचं आणि सकाळी वजन. समजा कोरडं वजन ५ किलो आणि निथळल्यावर ६.५ किलो, म्हणजे माती धरून ठेवते ते पाणी दीड किलो. चांगल्या पाण्याच्या कुंडीला ८० टक्के, म्हणजे ६.२ किलोवर ठेवायचं, ताणाच्या कुंडीला ४० टक्के, म्हणजे ५.६. रोज संध्याकाळी काट्यावर ठेवायची, जेवढं कमी भरलं तेवढंच पाणी. कापूस मोजायचा लटकता काटा वापरू नका, मी पहिले चार दिवस तोच वापरला, त्याला शंभर ग्रॅम इकडचं तिकडं कळत नाही, शेवटी चुलतभावाच्या किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा रोज दुकान बंद झाल्यावर आणायचो, आणि गिऱ्हाइकं विचारायची काय करून राहिला भो, मातीचं वजन करून कुणाला विकतो.

ताण खरंच बसला का हे पानाकडे बघून ठरवू नका. पानातलं सापेक्ष पाणी काढा, सोपं आहे. पान तोडल्याबरोबर वजन, मग चार तास डिस्टिल्ड वॉटरमध्ये तरंगत ठेवून टिपून वजन, मग ७० डिग्रीला दोन दिवस वाळवून वजन. पहिल्यातून तिसरं वजा, भागिले दुसऱ्यातून तिसरं वजा, गुणिले शंभर. ताजं ०.५०, फुगलेलं ०.६०, वाळलेलं ०.१० ग्रॅम आलं तर ८० टक्के. हा आकडा रिपोर्टमध्ये नसेल तर ताण दिला या तुमच्या वाक्याला काही अर्थ नाही.

मर रोगासाठी शेतातलं रोप आणणार असाल तर आधी ते मरचंच आहे ना ते बघा. पाण्याअभावी मान टाकलेलं आणि मरने मान टाकलेलं, दोन्ही लांबून सारखीच दिसतात. आबांची पद्धत सांगतो, रोप मुळासकट उपटायचं, विळ्याने बुंध्यापासून मुळापर्यंत मधोमध उभं चिरायचं. आत पांढरं-हिरवट असेल तर पाणी किंवा दुसरं काही, आणि मधली शीर तपकिरी काळपट, काडेपेटीच्या जळक्या काडीसारखी रेघ वरपर्यंत गेलेली दिसली तर मर, फ्युजॅरियम ही बुरशी नळ्यांमध्ये शिरलीय. वरून साल मात्र धडधाकट दिसते. माझ्या पहिल्या दहा रोपांपैकी तीन मरची नव्हतीच.

आता माझी सगळ्यात मोठी माती झाली तो किस्सा. डिफेन्सिनचे बरेच जीन जॅस्मोनेट आणि इथिलीनच्या सिग्नलवर उठतात, अरॅबिडॉप्सिसमधला पीडीएफ-१.२ तर त्या सिग्नलची खूण म्हणूनच जगभर वापरतात. म्हणून मी पॉझिटिव्ह कंट्रोल, म्हणजे जिथे जीन उठायलाच हवा असा तुलनेचा गट ठेवला, मिथाइल जॅस्मोनेट १०० मायक्रोमोलर फवारलेली रोपं, आणि शेजारी नुसतं पाणी फवारलेली. थंडी होती म्हणून दोन्ही रांगा पडवीत एकाच प्लास्टिकच्या कागदाखाली झाकल्या. जीनची आरएनए नक्कल किती बनली ते मोजणाऱ्या क्यूपीसीआर मशीनमधून आकडे आले तर दोघांत फरकच नाही. प्रायमर (जीन पकडणारे डीएनएचे छोटे तुकडे) बदलले, सीडीएनए (आरएनएवरून बनवलेला डीएनए) परत केला, दोन आठवडे आणि घरच्यांचे बरेच पैसे गेले, मग एका सीनियर मॅडमनी फक्त एवढं विचारलं, ठेवलं कुठे होतं? मिथाइल जॅस्मोनेट हवेत उडतं. जाईच्या फुलांच्या वासात असतं ते. शेजारच्या रोपांना फवारायची गरजच नाही, वाफेनेच ती जागी होतात, आणि मी तर दोघांना एकाच गोधडीत झोपवलं होतं. वेगळी खोली, शक्य असेल तर वेगळी इमारत, आणि कंट्रोलला आधी हात लावायचा, फवारलेल्याला नंतर. आणि ते इथेनॉलमध्ये विरघळवून आणलं असेल तर कंट्रोलच्या पाण्यात पण तेवढंच इथेनॉल टाकायचं.

सॅम्पल सगळे एकाच वेळी तोडा, सकाळी दहाला तर रोज दहालाच, रोपाचं घड्याळ असतं, सकाळचं कंट्रोल आणि दुपारचा ताण असं केलं तर तुम्ही ऊन मोजून बसता. वेळाही एकच ठेवू नका, ६ तास, २४ तास, ४८ तास असं ठेवा, जीन उठून परत झोपला तर एका वेळेच्या मापात तो सापडणार नाही. आणि एका कुंडीतली तीन पानं म्हणजे तीन रोपं नव्हे. कमीत कमी तीन वेगवेगळ्या कुंड्या, त्यातल्या प्रत्येकाचा आरएनए वेगळा. पानावरची आंब हाताला लागते म्हणून ग्लोव्हज घालाच, आणि ती आंब हा हरभऱ्याचा वेगळाच बंदोबस्त आहे बरं का, मॅलिक आणि ऑक्झॅलिक ॲसिड, तिचा डिफेन्सिनशी संबंध जोडू नका, आमच्या व्हायव्हात एकाने जोडला होता.

पान तोडल्यापासून आरएनए सडायला सुरुवात होते. लिक्विड नायट्रोजन गावात कुठून आणायचा, तर गाई-म्हशींचं कृत्रिम रेतन करणाऱ्यांकडे असतो, त्यांचे सीमेनचे कॅन त्याच्यातच असतात. मी ओळखीच्या एका डॉक्टरांना विनंती करून थर्मासमध्ये घेतला, पण झाकण घट्ट लावायचं नाही, आतला गॅस फुगून फुटतो, गाडीच्या काचा उघड्या ठेवायच्या आणि जाड हातमोजे. नाहीतर आरएनए टिकवणारं तयार सोल्युशन मिळतं, महाग आहे पण बसने जाणाऱ्यांसाठी तेच बरं. आधी मी साध्या बर्फाच्या डब्यात पानं टाकून चोपड्याहून एसटीने निघालो होतो, जळगाव येईपर्यंत बर्फाचं पाणी, पाण्यात झिपलॉक आणि झिपलॉकमध्ये भाजी.

आरएनए काढला की मिसळलेला डीएनए तोडणारं डीएनेज द्याच. आणि प्रायमर असा बनवा की मधे इंट्रॉन, म्हणजे आरएनएमधून कापून टाकला जाणारा भाग, येईल. डिफेन्सिनच्या जीनमध्ये बहुतेक वेळा एकच इंट्रॉन असतो आणि तो सिग्नलच्या तुकड्यातच कुठेतरी, म्हणून एक प्रायमर त्याच्या अलीकडे आणि एक पलीकडे ठेवला की डीएनए मिसळला असेल तर बँड मोठा येऊन चोरी उघडी पडते. प्रॉडक्ट ८० ते २०० बेसचा, प्रायमर २० च्या आसपास अक्षरांचे, टीएम (प्रायमर सुटायचं तापमान) ६० डिग्रीजवळ. दोन डिफेन्सिन जीन एकमेकांसारखे असतात त्यामुळे प्रायमर परत जीनोमवर ब्लास्ट करून तो एकाच जागी बसतोय ना बघा, आणि मेल्ट कर्व्हला (प्रॉडक्ट तापवत काढलेला आलेख) एकच टोक आलं पाहिजे.

हिशोब ज्यांना अवघड वाटतो त्यांच्यासाठी नुसती उदाहरणाची रक्कम. सीटी म्हणजे कितव्या चक्रात मशीनला माल दिसला तो आकडा, आणि ॲक्टिन हा तुलनेला घेतलेला, सहसा न हलणारा जीन. कंट्रोलमध्ये डिफेन्सिनचा सीटी २७, ॲक्टिनचा २०, फरक ७. ताणात डिफेन्सिन २४.५, ॲक्टिन २०.५, फरक ४. चारातून सात गेले उणे ३, म्हणजे दोनचा तिसरा घात, ८ पट. सीटी कमी म्हणजे माल जास्त, हे उलटं आहे हे डोक्यात पक्कं बसवा. ॲक्टिन ताणात स्वतःच हलत असेल तर सगळा हिशोब हलतो, म्हणून रेफरन्स जीन दोन ठेवा, एलाँगेशन फॅक्टर दुसरा. आणि ८ पट आरएनए म्हणजे ८ पट प्रोटीन नाही, आणि रोप वाचलं असं तर अजिबात नाही.

केळीवर करायचं म्हणणारे रावेर-यावलकडचे बरेच असतात, साहजिक आहे. करा, पण पानात चिक आणि पॉलिफेनॉल इतकं असतं की साध्या पद्धतीने आरएनए तपकिरी चिखलासारखा येतो, सीटॅब या रसायनाची पद्धत वापरा आणि पॉलिफेनॉल धरणारं पीव्हीपी घालायला विसरू नका. वाचायला एक चांगली गोष्ट पण आहे, मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या लोकांनी पिटुनियाच्या फुलातले डिफेन्सिन रसथाळी केळीत टाकून पनामा मर रोगाच्या फ्युजॅरियमला ती रोपं जास्त टिकतात असं २०१२ मध्ये दाखवलं. आपल्याकडे लावतात ती ग्रँड नैन वेगळी, तिला त्या बुरशीच्या जुन्या रेस एक प्रकाराची भीती नाही, भीती ट्रॉपिकल रेस ४ ची, जी बिहार आणि उत्तर प्रदेशात आलेली आहे.

आता आबांच्या प्रश्नाकडे. शेतकऱ्याला यातून आज विकत मिळेल असं काही नाही, हे सरळ सांगतो. ऑस्ट्रेलियात तंबाखूच्या भावातला तो एनएडी-१ कापसात टाकून शेतातल्या चाचणीत फ्युजॅरियम आणि व्हर्टिसिलियम या दोन्ही बुरशींविरुद्ध फायदा दिसला, लसूणघासाचा डिफेन्सिन बटाट्यात टाकून २००० मध्येच व्हर्टिसिलियमविरुद्ध शेतात तसं दिसलं होतं. पण भारतात २००२ पासून शेतात आहे तो फक्त बीटी कापूस, आणि बीटी म्हणजे डिफेन्सिन नव्हे, ते बॅक्टेरियाचं प्रोटीन आहे अळीसाठी. दुकानात पिकाची इम्युनिटी जागी करणारं म्हणून बाटली दाखवली तर एवढंच विचारा की कुठल्या पिकावर, कुठल्या रोगाला, फवारलेल्या आणि न फवारलेल्या ओळी शेजारी ठेवून बघितलंय का. बऱ्याचदा तिथेच विषय संपतो.

आबांना मी एवढंच म्हणालो, दादर ज्वारीच्या दाण्यात पण किड्याचं पचन बिघडवणारे असे प्रोटीन असतात, १९९१ मध्येच ज्वारीतून काढले होते, आणि मुगातल्या एका डिफेन्सिनमुळे डाळीच्या भुंगेऱ्याला त्रास होतो. त्यावर ते म्हणे मग आपल्या कणगीत भुंगेरे का येतात. तो प्रश्न इतका बरोबर होता की मी पुढच्या सेमिनारला तोच विषय घेतला. सगळ्या वाणांत तो जीन सारखा बोलत नाही, आणि एका प्रोटीनने किडा उपाशी मरेल इतकं प्रमाण दाण्यात असतंच असं नाही, हे दोन मुद्दे मांडून मी अर्धा तास बोललो.

राहिलं एकच, ट्यूबवर नावं पेन्सिलीने लिहा, पांढऱ्या चिकट पट्टीवर. मार्करची शाई इथेनॉलच्या एका थेंबाने जाते, माझ्या फ्रीजरमध्ये अजून अकरा ट्यूब आहेत ज्यातला कंट्रोल कुठला आणि ताण कुठला हे कुणालाच माहीत नाही.